कागद आधी मराठीत वाच



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. आजचा विषय माझा नाही, हे आधीच कबूल करतो. मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, बी.ए. मराठी माध्यमातून केलं, आणि माझे पैशाचे व्यवहार म्हणाल तर पगार, पीएफ आणि पतसंस्था यांच्यापलीकडे कधी गेले नाहीत. पण दिवाळीत आमच्या वैरागच्या घरी जे झालं त्यावरून माझं एक ठाम मत बनलं आहे. ते तुमच्यापुढे ठेवतो. पटलं नाही तर तसं सांगा, मास्तर रागावणार नाहीत.

माझ्या मुलीचा मुलगा पुण्यात असतो. इंजिनिअर झाला, थोडे दिवस नोकरी केली आणि मग एका मित्राबरोबर स्वतःची कंपनी काढली. चाळीत साठवलेला कांदा आतून सडायला लागला की त्याचा वास आणि हवेतला दमटपणा ओळखून शेतकऱ्याच्या मोबाईलवर इशारा देणारं यंत्र ही मुलं बनवतात. सोलापूर जिल्ह्यात कांद्याचं महत्त्व काय आहे ते मी सांगायला नको. आमच्या ओळखीच्या एकाच्या चाळीत त्यांनी एक यंत्र लावलं आहे आणि ते चालतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तर हा नातू दिवाळीला आला तो पेढे घेऊनच. "आबा, आमच्या कंपनीची किंमत आठ कोटी झाली!" मुंबईचा एक फंड त्यांच्या कंपनीत २ कोटी रुपये घालायला तयार झाला होता. त्यांनी पाठवलेला कागद (याला टर्मशीट म्हणतात) त्याच्या मोबाईलमध्ये होता. नऊ पानं, सगळी इंग्रजीत.

मी विचारलं, "वाचलास का?"

"वरवर पाहिलंय आबा. स्टँडर्ड असतं ते सगळं."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्याचं कारण जुनं आहे.

१९८७ साली एका सहकाऱ्याला मी पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. "सर, इथं सही करा, नेहमीचाच फॉर्म आहे." मी मराठीचा शिक्षक, पोरांना उताऱ्यावरचे प्रश्न घालणारा. आणि मीच उतारा न वाचता सही केली! तो कागद तर मराठीतच होता. पुढे कर्जाचे हप्ते थकले आणि ३१ महिने माझ्या पगारातून पैसे कापले गेले. त्या वर्षी सौ.च्या पाटल्या मोडाव्या लागल्या. कर्जदाराइतकाच जामीनदार जबाबदार, असं फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं. मग दोष कुणाला द्यायचा?

म्हणून नातवाला म्हणालो, "हा कागद आजीला मराठीत वाचून दाखव. एकेक कलम. जे तुला मराठीत सांगता येणार नाही, ते तुला समजलेलं नाही असं धरायचं."

तो हसला. पण भाऊबीज झाल्यावर सोप्यात बसून आम्ही ते केलं. दीड दिवस लागला.

सौ.चा पहिला प्रश्न, "व्याज किती?"

"व्याज नाही, आजी."

"तारण काय ठेवायचं?"

"काही नाही."

"अन् धंदा बुडाला तर?"

"तर त्यांचे पैसे बुडाले."

सौ.ला हे काही केल्या पटेना. "मग तो माणूस देव हाय का येडा?"

दोन्ही नाही. मराठीत याला साहस भांडवल म्हणतात. आमच्या घरात पहिली समजूत अशी होती की हा नव्या जमान्यातला सावकार. तसं नाही. सावकाराला पीक आलं काय नि बुडालं काय, त्याचे पैसे परत हवे असतात. हा पैसा बटईसारखा आहे. पीक आलं तर वाटा, नाही आलं तर दोघांचंही गेलं. जावईबापू तर मुलासाठी राहत्या घरावर कर्ज काढायला निघाले होते. त्यापेक्षा हा मार्ग नक्कीच बरा, कारण त्यात घर जात नाही. गुंतवणूकदाराचं हे श्रेय नाकारून चालणार नाही.

पण तो वेडाही नाही. फंडाकडे असलेला पैसा त्याचा स्वतःचा नसतो. तो दुसऱ्यांकडून साधारण ८-१० वर्षांच्या बोलीवर घेतलेला असतो आणि मुदतीत वाढवून परत द्यायचा असतो. दहा ठिकाणी पैसे घातले तर बरेचसे बुडतात किंवा जेमतेम निघतात, आणि एखाद-दुसरीकडून सगळ्यांची भरपाई करावी लागते. ही रीत जुनी आहे. अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या १९४६ साली सुरू झालेल्या संस्थेनं १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर घातले होते. ती पुढे मोठी संगणक कंपनी झाली आणि त्या एका गुंतवणुकीमुळे संस्थेचं नाव झालं.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्षाला बऱ्यापैकी नफा देणारा, शांतपणे चालणारा धंदा या गुंतवणूकदाराच्या कामाचा नाही. त्याला दहापट-वीसपट होऊ शकेल असं काहीतरी हवं असतं, आणि एक दिवस आपला वाटा विकून बाहेर पडायचं असतं. ज्याला डाळमिल काढून ती मुलाच्या हातात द्यायची आहे त्यानं या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता कलमांकडे येतो.

पहिलं कलम किमतीचं. आठ कोटींचे पेढे वाटून झाले होते. हिशेब असा, की कंपनीची आधीची किंमत ८ कोटी, त्यात त्यांचे २ कोटी, म्हणजे नंतरची किंमत १० कोटी आणि त्यांचा वाटा २० टक्के. उरलेले ८० टक्के दोघा मित्रांचे, म्हणजे प्रत्येकी ४०. नातवानं इतकंच वाचलं होतं. पण खाली एक ओळ होती, की पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर बाजूला काढायचे, आणि तेही फंडाचे पैसे येण्याआधीच्या हिश्शातून. म्हणजे त्यांचे २० तसेच राहिले, १० बाजूला गेले आणि दोघा पोरांना ७०. प्रत्येकी ३५. दहा कोटींचे ७० टक्के म्हणजे सात कोटी. पेढे आठाचे वाटले होते, किंमत सातच निघाली! कर्मचाऱ्यांना वाटा द्यायला माझा विरोध नाही, द्यावाच. पण तो कुणाच्या पानातून वाढला जातो आहे हे आधी कळायला हवं.

दुसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं. कंपनी विकली गेली तर पैसे आधी कुणी घ्यायचे? याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. या कागदात लिहिलं होतं की फंडानं आधी आपले २ कोटी काढून घ्यायचे आणि मग उरलेल्या रकमेतही आपला २० टक्के वाटा घ्यायचा.

सौ.नं लगेच ओळखलं. "म्हंजे आदी बी काढून घ्यायचं अन् मग राशीत वाटा. ही तर आपल्याकडली रीतच हाय की."

मी म्हणालो, "बरोबर. पण आपल्याकडे बी किती असतं आणि रास केवढी असते?"

ती थांबली आणि म्हणाली, "व्हय. हितं बी राशीएवढंच हाय."

वहीत मांडून बघू या. समजा कंपनी ५ कोटींना विकली गेली. या कलमाप्रमाणे फंडाला आधी २ कोटी, मग उरलेल्या ३ कोटींचे २० टक्के म्हणजे ६० लाख. एकूण २ कोटी ६० लाख. ज्याचा वाटा २० टक्के, तो निम्म्याहून जास्त घेऊन गेला. याचाच एक सौम्य प्रकार असतो. त्यात फंडानं दोहोंपैकी एक निवडायचं, एकतर आपली मूळ रक्कम किंवा आपला टक्का. दोन्ही नाही. तसं असतं तर त्यानं २ कोटी घेतले असते आणि बाकीच्यांना ३ कोटी राहिले असते. कंपनी २० कोटींना गेली तर पहिल्या प्रकारात फंडाला ५ कोटी ६० लाख मिळतात, दुसऱ्यात ४ कोटी. एका शब्दाचा फरक, आणि त्याची किंमत १ कोटी ६० लाख. काही कागदांत तर "दुप्पट बी" मागितलेलं असतं. तसं झालं तर ५ कोटींतले ४ कोटी २० लाख फंडाचे आणि ८० लाख बाकी सगळ्यांचे!

सौम्य प्रकार मला न्याय्य वाटतो. ज्यानं रोख पैसे घातले त्यानं आधी आपले पैसे सोडवून घ्यावेत, ठीक आहे. पण किंमत ८ कोटी की ६ कोटी यावर महिनाभर वाद घालणारी पोरं या ओळीवरून डोळे मिटून पुढे जातात, याचं मला नवल वाटतं.

तिसरं कलम असं, की पुढच्या वेळी शेअर स्वस्तात विकावे लागले तर काय. समजा आज फंडानं १०० रुपये भावानं २ लाख शेअर घेतले आणि दोन वर्षांनी अडचणीत ५० रुपयांनी विकायची वेळ आली. एका प्रकारात फंडाचा भाव मागाहून ५० धरतात, म्हणजे त्याचे शेअर दुप्पट, ४ लाख होतात, आणि हा सगळा भार संस्थापकांच्या हिश्शावर येतो. दुसऱ्या प्रकारात सरासरी काढतात, तो बराच सौम्य. इथं सरासरीच होती. यावर आम्ही अडलो नाही.

चौथ्या कलमावर मात्र नातू चिडला. त्याचे स्वतःचे शेअर त्याला एकदम मिळणार नव्हते. चार वर्षांत थोडेथोडे त्याच्या हक्काचे होणार आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेला तर काहीच नाही. "आबा, कंपनी मी काढली आणि माझेच शेअर मी पुन्हा कमवायचे?"

इथं मी गुंतवणूकदाराच्या बाजूनं बोललो. म्हटलं, "उद्या तुझा मित्र सहा महिन्यांत परदेशी निघून गेला तर? राबशील तू आणि ३५ टक्के त्याचे! ही अट तुलाही सांभाळते." आपल्याकडे शिक्षणसेवकाला तीन वर्षं काढल्याशिवाय कायम करत नाहीत, तसंच हे. फक्त एवढं म्हणालो, की आजवर जी दोन वर्षं राबलात ती धरून घ्यायला सांगा.

पाचवं कलम खुर्चीचं. संचालक मंडळावर कोण किती, आणि कोणते निर्णय फंडाच्या संमतीशिवाय घ्यायचे नाहीत. यात नवं कर्ज, नवे शेअर, मोठा खर्च, कंपनीची विक्री, पगारवाढ असं बरंच काही येतं. शिक्षणसंस्थांमध्ये मी हे पाहिलं आहे. ज्यानं शाळा काढली तोच पुढे कार्यकारिणीत एकटा पडतो. आपल्या महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे हाउसिंग डॉट कॉम. मुंबई आयआयटीतल्या मुलांनी २०१२ साली ती काढली. २०१४ च्या अखेरीस जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकारानं तिच्यात सुमारे ९ कोटी डॉलर आले, आणि जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळानं संस्थापक राहुल यादव यांना सीईओ पदावरून दूर केलं. २०१७ साली ती कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. त्यात कोण बरोबर कोण चूक, हा माझा विषय नाही. इतकंच, की मोठी रक्कम घेताना खुर्चीचा हिशेबही होत असतो.

सहावं कलम वाचताना मात्र मी नातवाचा हात धरला. कंपनीनं दिलेल्या माहितीत काही चूक निघून फंडाचं नुकसान झालं तर संस्थापक वैयक्तिकरीत्या भरपाई देतील. वैयक्तिकरीत्या! रकमेला मर्यादा नाही. म्हणजे तारण नाही, व्याज नाही, पण मागच्या दारानं जामीनकी आहेच. ते १९८७ सालचं पतसंस्थेचं टेबल माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आणि शेवटची दोन ओळींची गंमत. टर्मशीटमधल्या बहुतेक अटी कायद्यानं बांधणाऱ्या नसतात, खरा करार नंतर होतो. पण "पुढचे ४५ दिवस दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही" ही अट सही करताच लागू होते. म्हणजे "आता सही करून टाकू, बोलणी नंतर करू" हा विचार उलटा आहे. बोलणी करायची ती सहीच्या आधीच.

माझी मुलगी मधेच म्हणाली, "बाबा, इतका कीस पाडलात तर ते लोक निघून जातील. पोरांना दुसरा कोण देणार आहे?" या म्हणण्यात तथ्य आहे. नवख्याच्या हातात फारसं काही नसतं. पण समजून घेणं वेगळं आणि अडून बसणं वेगळं. अट बदलता आली नाही तरी ती माहीत असावी, म्हणजे पाच वर्षांनी फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. आणि प्रश्न विचारले म्हणून जो निघून जातो, त्याच्याबरोबर आठ वर्षं संसार कसा करणार?

हातात काही असलं तर काय होतं याचंही उदाहरण आपल्याजवळच आहे. क्विक हीलचे कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय संगणक शिकले आणि त्यांनी व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. सिकोया कॅपिटलनं त्यांच्या कंपनीत ६० कोटी रुपये घातले ते २०१० साली, म्हणजे धंदा सुरू होऊन दीड दशक होत आल्यावर. (त्या सिकोयाच्या भारतातल्या शाखेचं नाव २०२३ पासून पीक फिफ्टीन झालं आहे.) फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये भावानं शेअर विक्री होऊन कंपनी बाजारात आली आणि सिकोयानं तेव्हा आपले काही शेअर विकले. पहिल्याच दिवशी भाव खाली आला, हेही खरं. पण मला भावतो तो क्रम. आधी गिऱ्हाईक, मग नफा आणि मग गुंतवणूकदार. चालत्या धंद्यात पैसे घ्यायला बसलेला माणूस "नाही" म्हणू शकतो. सगळ्यांना पंधरा वर्षं थांबता येणार नाही हे मान्य, पण जितकं आपल्या पायावर चालून मग हात पुढे करू तितक्या अटी हलक्या होतात.

शेवटी एक जुनी गोष्ट सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा जो उठाव झाला त्यात लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे हुडकून काढून जाळले. ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आपली जमीन त्या कागदात अडकली आहे एवढंच कळलं होतं. त्यानंतर १८७९ साली सरकारनं दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि नुसत्या रोख्यावर न जाता त्यामागचा खरा व्यवहार कोर्टानं तपासावा, अशी त्यात तरतूद होती.

म्हणजे ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी परक्या सरकारनंसुद्धा कागद तपासायची सोय केली. आणि आमची इंजिनिअर झालेली पोरं नऊ पानांना "स्टँडर्ड" म्हणून सही करतात! त्यांच्यासाठी कुठलाही निबंधक बसलेला नाही. वकील आहे, पण वकिलाला काय विचारायचं हे तरी आधी कळायला हवं ना?

तर माझं मत सरळ आहे. कुणाचा पैसा घ्यायला हरकत नाही. पण ज्या अटी तुला घरातल्या न शिकलेल्या माणसाला मराठीत समजावता येत नाहीत, त्यांवर सही करू नकोस. इंग्रजी शब्द आला की आपल्याला समजल्यासारखं वाटतं. मराठीत सांगायला गेलं की कुठं अडतं ते लगेच कळतं. पार्टिसिपेटिंग प्रेफरन्स म्हटलं की पोरं माना डोलावतात. बी काढून पुन्हा राशीत वाटा म्हटलं की प्रश्न विचारतात.

पुढे काय झालं ते सांगतो. दोघं मित्र पुण्याला वकिलाकडे गेले, फी थोडी जास्त वाटली पण दिली. फंडाच्या माणसानं त्यांचं नीट ऐकून घेतलं. "दोन्ही घेणार" ऐवजी "एकच घेणार" झालं. वैयक्तिक भरपाई फक्त जाणूनबुजून फसवणूक केली तरच, असं ठरलं. मागची दोन वर्षं धरली गेली. कर्मचाऱ्यांच्या १० टक्क्यांवर मात्र त्यांनी ऐकलं नाही, ते पोरांच्याच पानातून गेले. किंमत सातच राहिली. संक्रांतीनंतर सह्या झाल्या.

कंपनी चालेल की बुडेल, कुणास ठाऊक. बुडाली तरी जावईबापूंचं घर जागेवर राहील आणि पोरगं नोकरी करील. सह्या झाल्या त्या रात्री त्याचा फोन आला. मला वाटलं माझ्याशी बोलेल, तर म्हणाला, "आबा, आजीला द्या." आणि मग अर्धा तास तो तिला करारातलं नवीन एक कलम समजावत होता. ती मधेमधे "मग फुडं?" म्हणत होती.

असो. तुमच्या घरात कुणी असा धंदा काढला असेल तर तुमचा अनुभव जरूर कळवा. आणि कुणी "नेहमीचाच फॉर्म आहे" म्हणालं, तर चष्मा शोधा!